सहाचा दोन

११ जानेवारी

ताई,

कामापुरतं लिहितोय. सहा वर्षांनी माझं अक्षर पाकिटावर दिसलं म्हणजे तुझ्या पोटात गोळा आला असेल, म्हणून आधीच सांगतो, बाबा आहेत. आत्ता खिडकीशी बसून शेजारणीच्या शिलाई मशीनचा फिरकीचा भाग घासताहेत. मशीनदुरुस्तीचं दुकान बंद करून नऊ वर्षं झाली तरी हाताची खोड जात नाही.

त्यांना कॅन्सर आहे. प्रोस्टेटचा, आणि पाठीच्या हाडांत उतरलाय. ऑक्टोबरमध्ये कळलं. तेव्हाच का कळवलं नाहीस असं विचारू नकोस, कारण त्याचं उत्तर तुला माहीत आहे. आईच्या वेळी तू जे केलंस ते मी विसरलेलो नाही. या खेपेला मी बाबांना काही कळू देणार नव्हतो. पण डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, सरळ बाबांकडे बघून सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "बरं. मग गोळी जेवणाआधी की जेवणानंतर?" तीन महिन्यांतून एक इंजेक्शन आणि रोजच्या गोळ्या चालू आहेत. तब्येत ठीक आहे.

तुला विचारायचंय ते असं. हॉस्पिटलनं एक कागद दिलाय, अकरा पानांचा. तिथे कसलासा अभ्यास चाललाय आणि त्यात बाबांनी सहभागी व्हावं असं त्यांचं म्हणणं आहे. मी तो चार वेळा वाचला, लाल पेन्सिल घेऊन. 'रुग्ण' दोन ठिकाणी दीर्घ छापलाय आणि सातव्या पानाला आकडाच नाही. ज्यांना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळता येत नाही ते माझ्या बापाची हाडं काय सांभाळणार?

नवं औषध नाही. डॉक्टर तेच, गोळ्या त्याच. निम्म्या पेशंटना दर आठवड्याला एक फॉर्म भरायचा, दुखणं किती, झोप किती, असले बारा प्रश्न, शून्य ते दहा. शिवाय आठवड्यातून एकदा कुणीतरी 'अनुभवी सोबती' फोन करून चौकशी करणार. उरलेल्या निम्म्यांना यातलं काही नाही. कोण कुठल्या गटात जाणार ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार. मला एकच कळत नाही, एवढी आपुलकी कशासाठी? आणि कलम नऊ वाच, मी उतरवून काढतो: 'आजाराच्या स्थितीत बदल आढळल्यास चालू उपचारांचा फेरविचार केला जाईल.' फेरविचार! तीस वर्षं प्रुफं तपासतोय, गुळगुळीत शब्दाखाली काय दडलेलं असतं ते मला ठाऊक आहे.

तू याच कामात आहेस. कॅन्सरच्या वॉर्डात तुझी निम्मी हयात गेली. हा कागद सरळ आहे की नाही, एका ओळीत कळव. बाकी काही लिहू नकोस.


२९ जानेवारी

ताई,

एक ओळ मागितली होती, तू चार पाठवल्यास. 'कागद चांगला आहे. बाबांना सही करू दे. फॉर्म मात्र त्यांनाच भरू दे. आणि त्यांच्या पायांकडे लक्ष ठेव.'

'फॉर्म त्यांनाच भरू दे' म्हणजे काय? मी काय त्यांचा हात धरणार आहे? आणि आजार पाठीत असताना पायांकडे कशाला बघायचं? तुझी ही जुनीच सवय, अर्धं सांगायचं आणि अर्धं स्वतःपाशी ठेवायचं.

असो. तुझं पत्र येण्याआधीच बाबांनी सही केली होती. मला न विचारता. मी हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीपाशी गेलो तेवढ्यात. आणि कॉम्प्युटरनं आम्हाला नेमकं फॉर्म आणि फोनवाल्या गटात टाकलं. चिठ्ठी म्हणे. असेल बुवा चिठ्ठी.

अभ्यासाच्या फाइली सांभाळणाऱ्या सिस्टरनं मग त्या 'अनुभवी सोबती'ची गाठ घालून दिली. साठीची बाई आहे, आवाज असा की दुसऱ्या मजल्यावर ऐकू जावा. बावीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. नऊ वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता, आता हे काम करते, पगार न घेता. बाबा बाकाच्या टोकाला बसले होते, तर ही त्यांना म्हणते, "जरा आत सरका, अजून एक तिकीट आहे." बाबा खो-खो हसले. ताई, आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं. मला ते आवडलं नाही. पहिल्या भेटीत कुणी इतकं हसवायला लागलं की मी आधी खिसा चाचपतो.

बाबा तिला कंडक्टरबाई म्हणतात. दर मंगळवारी अकराला तिचा फोन येणार आहे.


१९ फेब्रुवारी

ताई,

विचारलंस म्हणून कळवतो. बाबा बरे आहेत. भूक आहे. पाठ थोडी दुखते, त्यांच्या वयाला कुणाची दुखत नाही?

पण त्या फोनबद्दल तुला काही माहीत असेल तर सांग. मंगळवारी अकरा वाजले की बाबा फोन घेऊन आतल्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. माझ्यापासून! या घरात माझ्यापासून लपवण्यासारखं आहे काय? पहिल्या मंगळवारी वीस मिनिटं, दुसऱ्या मंगळवारी पस्तीस. मी बाहेर प्रुफं वाचत बसलेला असतो, एकच ओळ पाचदा वाचतो. दाराशी गेलो नाही असं म्हणणार नाही. एकदा 'पाठ' ऐकू आलं, एकदा 'भीती', आणि एकदा "माझा मुलगा ना" एवढं म्हणून बाबा बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले. बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हणत होती?" तर म्हणाले, "काही नाही, गप्पा." अनोळखी बाईशी पस्तीस मिनिटं गप्पा, आणि माझ्याशी दिवसभरात दहा वाक्यं. ती प्रत्येक बोलणं वहीत लिहून घेते, हे तिनं स्वतः कबूल केलं. ती वही कुणाच्या टेबलावर जाते?

फॉर्मचं म्हणशील तर बाबाच भरतात. पेन्सिलीनं, थरथरत्या अक्षरात, अर्धे आकडे चौकटीबाहेर. तसला कागद माझ्या हातून बाहेर जाणं शक्य नाही. मी तो दुसऱ्या कोऱ्या फॉर्मवर शाईनं स्वच्छ उतरवून काढतो आणि शुक्रवारी छापखान्यात जाता-जाता देऊन येतो. एखादा आकडा समजून घ्यावा लागतो, तेवढंच.

आणखी एक. मागच्या शुक्रवारी हॉस्पिटलच्या बाकावर एक गृहस्थ भेटले. त्यांचा मेव्हणा याच अभ्यासात आहे. त्यानं फॉर्मवर दुखणं सात लिहिलं आणि पंधरा दिवसांत त्याच्या गोळ्या बंद झाल्या. मी म्हटलं, "कलम नऊ?" ते म्हणाले, "कलम कसलं ते माहीत नाही, गोळ्या बंद झाल्या एवढं खरं." आता सांग, मी उगाच शंका काढत होतो का?


७ मार्च

ताई,

तुला एक सरळ विचारतो, सरळ उत्तर दे. त्या कंडक्टरबाईला तू ओळखतेस का?

गेल्या मंगळवारी बाबा अंघोळीला गेले होते म्हणून फोन मी उचलला. तर म्हणते कशी, "तुमच्या ताई नर्स आहेत ना? त्यांच्याशी बोलून बघा की एकदा." तिला हे कुठून कळलं? मी सांगितलेलं नाही. बाबा तुझं नाव घरात काढत नाहीत. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. तू तिकडून सूत्रं हलवत असशील तर तसं सांग. निदान मला कळेल तरी मी कुणाशी बोलतोय.

घरातही काहीतरी चाललंय. सकाळी बाबांच्या खोलीत जातो तर चादरीला एक सुरकुती नसते. अंथरुणाला पाठच लागलेली नाही. खुर्चीत उशी, खुर्चीपाशी पाण्याचा तांब्या. "झोपला नाहीत?" म्हटलं तर म्हणतात, "खुर्चीत बरी लागते." कुणाला बरी लागते खुर्चीत झोप? बसून काय करतात? फोन? मी फोन आता रोज संध्याकाळी माझ्या खोलीत ठेवायला लागलोय. दुसरं म्हणजे, खोलीतलं सामान सरकवलेलं असतं. पलंग, खुर्ची, स्टूल, कपाट अशी रांग लागलेली, थेट न्हाणीघरापर्यंत. मी जागच्या जागी ठेवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. आणि महिन्यातून दोनदा हॉस्पिटलात पेशंट मंडळींची बैठक असते, तिला बाबा हौसेनं जात होते. या वेळी "नको, कंटाळा आला" म्हणाले. काहीतरी फिसकटलंय त्यांच्यात. मी विचारलं तर ताकास तूर लागू देत नाहीत.

तुझी प्रश्नांची यादी मिळाली. पाय जड वाटतात का, चालताना अडखळतात का, आडवं झाल्यावर पाठ जास्त दुखते का, छातीभोवती काही आवळल्यासारखं वाटतं का, लघवीला त्रास होतो का. परीक्षेचा पेपर असावा तशी. सगळ्यांचं उत्तर 'नाही' असं धर. बाबा थट्टेत काहीबाही बोलतात, मशीनच्या भाषेत, पट्टा आवळलाय नि पट्टा सैल झालाय. त्याचे अर्थ काढत बसलो तर मलाच वेड लागेल.

मी डोळ्यांत तेल घालून त्यांच्याकडे बघतोय. तू काळजी करू नकोस. केलीस तरी तिकडेच कर.


१६ मार्च

ताई,

बाबा हॉस्पिटलात आहेत. काल दुपारी आणलं. पाठीच्या मणक्यातली गाठ आतल्या नसेवर दाबली गेलीय. तुला या आजाराचं नाव माहीत असेल. काल संध्याकाळी एमआरआय झाला, सुजेचं इंजेक्शन चालू केलं, आज सकाळी पहिलं रेडिएशन झालं. असली पाच होणार. पाय पूर्ण गेलेले नाहीत. उजवा हलतो. डावा सांगितलं की थोडा हलतो.

कसं झालं ते क्रमानं लिहितो.

काल मंगळवार. अकराला फोन आला, बाबा आत गेले, दार लावलं. बाराच्या सुमारास मला फाइलवाल्या सिस्टरचा फोन. "बाबा कसे आहेत? चालताहेत ना?" मी म्हटलं, बरे आहेत. ती म्हणाली, "फॉर्ममध्येही दुखणं दोनच आहे, पण आमच्या बाईंना काळजी वाटतेय." मी म्हटलं, बाईंना सवयच आहे, आणि फोन ठेवला.

एक वाजता बेल वाजली. दारात कंडक्टरबाई. तीन जिने चढून आलेली, कठड्याला धरून उभी, धाप लागलेली. मी दार अर्धंच उघडलं.

"बाबा झोपलेत," मी म्हटलं.

"झोपलेत की उठता येत नाही?"

"तुम्हाला घरी यायची परवानगी कुणी दिली?"

"कुणी नाही. नियमात बसत नाही हे. उद्या माझी तक्रार करा, मी सही करून देते. आता मला त्यांना एकदा चालताना बघू द्या. चालले तर मी आल्या पावली जाते."

मी म्हटलं, "नाही." हो ताई, मी नाही म्हटलं, आणि दार लोटायला लागलो. तेवढ्यात आतून बाबांनी विचारलं, "कोण आहे रे?"

ती माझ्या खांद्यावरून ओरडली, तो बसमधला आवाज. "मी आहे! जरा दारापर्यंत या बघू, तिकीट दाखवा!"

बाबा हसल्याचं ऐकू आलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग स्टूल सरकलं. मग काहीच नाही. आम्ही दोघं उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उभे होतो.

"येतो, येतो," बाबा म्हणाले. पुन्हा काही नाही. मग अगदी वेगळ्या, लहान मुलासारख्या आवाजात म्हणाले, "अरे, पाय येत नाहीत."

पुढचं सगळं तिनंच केलं. रुग्णवाहिका बोलावली, त्यांना पाठीला हिसका न बसू देता फळीवर कसं घ्यायचं ते त्या माणसांना सांगितलं. मी बाबांच्या चपला शोधत होतो. डावी चप्पल सापडत नव्हती आणि मला वाटत होतं, ती सापडल्याशिवाय निघता येणार नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी फाइल उघडली. म्हणाल्या, "गेले चार आठवडे पाठदुखी दोन. असं एका दिवसात होत नाही. हे फॉर्म कोणी भरले?" बाबांनी सांगितलं, त्यांनीच भरले. म्हणाले, मला वाटलं तेवढंच दुखतंय.

मला अजून कळत नाही, तिला इतकं दिसत होतं तर ती आठवडाभर आधी का आली नाही?


२२ मार्च

ताई,

मागच्या पत्रात एक खोटं आहे. खरं तर एकच नाही. पण एकापासून सुरुवात करतो.

डॉक्टरांनी 'कोणी भरले' असं विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या. आधी मी म्हटलं, "बाबांनी." मग स्ट्रेचरवरून, छताकडे बघत, बाबा म्हणाले, "हो, मीच."

बाबांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं चार. पुढच्या शुक्रवारी सहा. मग पुन्हा सहा. मग आठ. मी शाईनं उतरवताना चारही वेळा दोन लिहिलं. पहिल्या वेळी हात थांबला होता. मी स्वतःला सांगितलं, बाबा त्या बाईच्या नादानं वाढवून लिहितात. सांगितलं, सहा लिहिलं तर गोळ्या काढून घेतील, त्या मेव्हण्यासारख्या. दोन्ही कारणं खरी होती. पण त्यांच्या खाली आणखी एक होतं. दोन लिहिलं की मला बरं वाटायचं. शुक्रवारचा तो कागद पेटीत टाकून छापखान्याकडे चालायला लागलो की मला खरंच वाटायचं, बाबांना दोनच दुखतंय.

तुझ्या यादीतल्या पाचपैकी चार प्रश्नांची उत्तरं 'हो' होती. छातीभोवती कुणी मशीनचा पट्टा आवळतंय, हे बाबांनी मला दोनदा सांगितलं. सामानाची रांग ते धरून चालण्यासाठी लावत होते, आणि मी रोज ती मोडत होतो. बैठकीला कंटाळा नव्हता आला, जिना उतरवत नव्हता. खुर्चीत झोपत होते कारण आडवं होता येत नव्हतं. मी सगळं पाहिलं, ताई. एकही गोष्ट नजरेतून सुटली नाही. फक्त प्रत्येक वेळी मी दुसऱ्याच कुणाला तरी चोर ठरवत होतो.

काल संध्याकाळी वॉर्डात आम्ही दोघंच होतो. मी त्यांना हे सगळं सांगितलं. पेन्सिलीचे फॉर्म दाखवले. त्यांनी एकेक फॉर्म डोळ्यांजवळ धरून वाचला. मग म्हणाले, "मला वाटायचं, सिस्टर आठ वाचूनही गप्प कशा बसतात. म्हटलं, आठ म्हणजे त्यांच्या हिशेबी काही विशेष नसेल." तेवढंच. मी म्हटलं, मग डॉक्टरांसमोर माझ्यावरचं अंगावर का घेतलंत?

"कारण एकदा माझ्यावरचं दुसऱ्यानं अंगावर घेतलंय," बाबा म्हणाले. "आणि मी घेऊ दिलंय."

मग त्यांनी आईचं सांगितलं.

तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी मी लिहितो, कारण मला ते माझ्या हातानं लिहायचंय. आईला तिचा आजार तू सांगितला नाहीस. बाबांनी सांगितला. रविवारी दुपारी ते तिच्या मशीनला तेल देत होते, तेव्हा तिनं विचारलं, "मला कॅन्सर आहे का हो?" त्यांच्या हातातून तेलाची कुपी पडली. आई म्हणाली, "कळलं." दुसऱ्या दिवशी तू आलीस. ती तुला विचारत होती, पुढे काय होईल, दुखेल का. तू तिचा हात धरून उत्तरं देत होतीस, आणि नेमका तेव्हा मी खोलीत आलो. तुझ्या तोंडून तो शब्द ऐकला. मी तुला काय काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. 'तू मारलंस तिला' हेही. बाबा तिथेच उभे होते. ते म्हणतात, "तू असा काही पेटला होतास की माझी जीभच उचलली नाही. पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि गप्प राहिली. मग आज सांगू, उद्या सांगू करत सहा वर्षं मूग गिळून बसलो."

दार लावून ते मंगळवारी हेच बोलत होते. कंडक्टरबाईला तू नर्स असल्याचं यातूनच कळलं. ती त्यांना दर आठवड्याला एकच सांगायची, "मला सांगून काय उपयोग? मुलाला सांगा."

बाबा म्हणाले, आईनं खाणं सोडलं आणि ती गेली, ते आजार कळल्यामुळे नाही. अन्न खाली उतरतच नव्हतं. कळल्यावर त्या महिन्यात तिनं तीन मैत्रिणींना बोलावून घेतलं, त्यातल्या एकीशी वीस वर्षं अबोला होता. बाबांना भात लावायला आणि बटण शिवायला शिकवलं. बाबांना म्हणाली, बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी बरी व्हायची वाट बघत बसले असते. मी त्या महिन्यात रोज तिला 'तू बरी होणार' म्हणायचो आणि ती 'हो रे' म्हणायची. ती माझी समजूत काढत होती हे मला काल कळलं. बावन्नाव्या वर्षी.

तू मला का सांगितलं नाहीस? एका ओळीत सगळं संपलं असतं. हे रागानं विचारत नाही. मी विश्वास ठेवला नसता, म्हणून?


१४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. 'बाबांना तू हवा होतास, मला लांब राहणं जमत होतं' हे तुझं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आधी बाबांचं. पाचही रेडिएशन झाली. दुखणं आता तीनवर आहे. हा तीन त्यांचा स्वतःचा, शाईतला. वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत जातात, परत येताना बसावं लागतं. डावं पाऊल अजून घासतं. डॉक्टर म्हणाल्या, जेवढं आता आहे तेवढं टिकेल, थोडं वाढेलही, पण पूर्वीसारखं जिने उतरणं होणार नाही. मी विचारलं, महिनाभर आधी आणलं असतं तर? त्यांनी नजर चुकवली नाही. म्हणाल्या, "तर बहुतेक स्वतःच्या पायांनी चालत घरी गेले असते. आणि आणखी एक दिवस उशीर झाला असता, तर अजिबात चालले नसते." मी हे दोन्ही लक्षात ठेवणार आहे. बाबांना दोन्ही सांगितलं.

मागचं पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी फाइलवाल्या सिस्टरकडे गेलो होतो. पेन्सिलीचे चारही फॉर्म घेऊन. मूळ प्रत फेकायची नाही, हा धंद्याचा नियम, म्हणून ते राहिले. मला वाटलं, आता अभ्यासातून काढतील, कदाचित पोलिसात देतील. तिनं फॉर्म एकेक करून टेबलावर मांडले, पेन्सिलीचा आणि शाईचा शेजारी-शेजारी. म्हणाली, "बसा." मग विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटली होती?" मी कलम नऊ काढून दाखवलं. मेव्हण्याचं सांगितलं. ती दुसऱ्या पेशंटबद्दल बोलायला तयार नव्हती. एवढंच म्हणाली, की कुणाच्या गोळ्या बंद होतात त्या बहुतेक वेळा त्याहून वरच्या ताकदीचं औषध सुरू करायचं म्हणून. फॉर्मवर मोठा आकडा लिहिला तर आम्ही फक्त लवकर फोन करतो, ती म्हणाली, सगळा अभ्यास त्यासाठीच आहे. लवकर कळलं तर माणूस जास्त दिवस आणि जास्त बरा राहतो का, हे बघण्यासाठी. मी म्हटलं, मग तसं लिहायचं होतं. 'फेरविचार' कशाला? ती ओळ पुन्हा वाचून ती म्हणाली, "खरंय. हे आम्ही डॉक्टरांसाठी लिहिलं, घरच्यांसाठी नाही."

आकडे बदलणारा मी पहिला नव्हे असंही तिनं सांगितलं. दोन पेशंटच्या बायकांनी आणि एकाच्या सुनेनंही केलं होतं. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच. आता त्यांच्या समितीनं फॉर्ममध्ये वर एक नवी ओळ टाकायचं ठरवलंय, 'हा फॉर्म कोणी भरला?' आणि फोन करणाऱ्यांनी कळवलेलं आणि फॉर्मवरचं जुळलं नाही, तर त्याच दिवशी पेशंटला बोलावून घ्यायचं. कागदाची नवी प्रत तपासायला माझ्याकडे दिलीय. मी 'रुग्ण' ऱ्हस्व केला, कलम नऊ पूर्ण बदलून साध्या भाषेत लिहिलं, त्यांनी त्यात थोडी दुरुस्ती करून ठेवलं. माझा संशयी स्वभाव एवढ्यानं जाणार नाही. मी अजून प्रत्येक गोळीच्या पाकिटावरची तारीख दोनदा बघतो.

कंडक्टरबाईंची माफी मागितली. मी वाक्य तयार करून गेलो होतो. अर्ध्यातच त्या म्हणाल्या, "दार लोटलंत तेव्हा माझं बोट थोडक्यात वाचलं, तेवढी एक गोष्ट मी वहीत लिहिलेली नाही." मग त्यांनी विचारलं, "बाबांना मी फोन करते. तुम्हाला कोण करतं?" मी म्हटलं, मला काय झालंय? त्यांनी बॅगेतून डबा काढला आणि जेवायला बसल्या.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. परवा तुझा फोन आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. तू म्हणालीस, "तू कसा आहेस?" मी म्हटलं, "बरा आहे," आणि फोन बाबांना दिला. तुम्ही दोघं बोललात, ते रडले, बहुधा तूही. मी बाहेर प्रुफं वाचत बसलो.

मी बरा नाही, ताई. रोज चार तास झोप लागते. छापखान्यात एका पुस्तकाचं अख्खं पान माझ्या नजरेतून तसंच गेलं, तीस वर्षांत असं झालं नव्हतं. बाबा वॉकर घेऊन उठले की मीही जागचा उठतो. त्यांचा पाय घासल्याचा आवाज आला की मी कानावर हात ठेवतो, आणि मग हात काढतो, कारण तो ऐकायला हवा. आजार पुन्हा पुढे सरकेल तेव्हा मला तो दिसेल का, की मी पुन्हा काहीतरी दुसरंच बघत बसेन, याची मला भीती वाटते. ही भीती आठ आहे. नऊही असेल.

तुझ्या सुट्टीचं मला माहीत नाही. बाबांना अजून काही बोललो नाही, त्यांची आशा लागून राहील म्हणून. तुझी खोली सामानानं भरलीय, ती मी रविवारी रिकामी करतोय. फोनवर हे माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून लिहितो.

ये.

तुझा धाकटा भाऊ